कळफलकाची मांडणी कोणाच्या मालकीची? एका कार्यालयातील प्रकरण

पार्श्वभूमी

भाषांतराचे काम करणाऱ्या एका कार्यालयात सर्व लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आणि ग्नोम डेस्कटॉप वापरला जातो. यंत्रे दोन प्रकारची आहेत. बहुतेकांच्या कळांवर अमेरिकन इंग्रजी मांडणी छापलेली आहे, तर नंतर घेतलेल्या एका संचाच्या कळांवर जर्मन मांडणी आहे. कोणालाही ठरावीक यंत्र दिलेले नाही. जे मोकळे असेल ते घ्यायचे, अशी पद्धत आहे. प्रत्येकाची होम निर्देशिका सर्व्हरवर असल्यामुळे माणूस कोणत्याही यंत्रावर बसला तरी त्याच्या फाइली आणि त्याची वैयक्तिक सेटिंग्ज त्याच्यामागोमाग तेथे येतात. डिस्क मात्र प्रत्येक यंत्राची स्वतंत्रपणे, लक्स पद्धतीने, कूटबद्ध केलेली आहे आणि यंत्र सुरू करताना त्या यंत्राचा डिस्क-पासवर्ड द्यावा लागतो. हे पासवर्ड आडव्या रेघांनी जोडलेल्या इंग्रजी शब्दांचे आहेत.

बहुतेकांना इंग्रजी आणि मराठी अशा दोन मांडण्या लागतात, काहींना जर्मनही लागते, आणि एक ज्येष्ठ भाषांतरकार इंग्रजीसाठी ड्वोरॅक ही अक्षरांचा क्रम वेगळा असलेली मांडणी वापरतात. एवढ्या गरजा आधुनिक लिनक्सला मुळीच जड नाहीत. तरीही या कार्यालयात कळफलकाविषयीच्या तक्रारी सतत येत राहिल्या आणि त्यांतील एक तक्रार तर इतकी गंभीर होती की काही यंत्रे सुरूच होईनात.

मुख्य तक्रार

कर्नलचे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, नेहमीचे अद्ययावतीकरण झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जर्मन कळफलकाच्या यंत्रांनी डिस्क-पासवर्ड नाकारायला सुरुवात केली. अमेरिकन कळफलकाची यंत्रे पूर्वीसारखीच चालू होती. पासवर्ड बदललेला नव्हता, टंकणाऱ्यांची बोटेही तीच होती. साहजिकच पहिला संशय डिस्कवर गेला. लक्सच्या शीर्षभागाला, म्हणजे पासवर्डांच्या नोंदी असलेल्या डिस्कच्या आरंभीच्या भागाला, इजा झाली असावी असे धरून तांत्रिक विभागाने शीर्षभागाची राखीव प्रत परत बसवण्याची तयारी केली. हे थांबवले गेले ते बरे झाले, कारण जुनी प्रत परत बसवली की ती प्रत घेतल्यानंतर बदललेले सारे पासवर्ड निष्प्रभ होतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

दिशा दाखवणारा धागा दोन ठिकाणी मिळाला. यंत्र सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या यादीतून जुना कर्नल निवडला असता तोच पासवर्ड, त्याच कळा दाबून, विनातक्रार स्वीकारला जात होता. एकच डिस्क एका कर्नलला उघडते आणि दुसऱ्याला उघडत नाही, याचा अर्थ डिस्क धडधाकट आहे आणि फरक पासवर्ड विचारणाऱ्या टप्प्यात आहे. दुसरा धागा अधिक बोलका होता. जर्मन यंत्रांच्या झाकणांवर कोणीतरी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि त्यांवर लिहिले होते की सुरुवातीच्या पासवर्डात आडव्या रेघेऐवजी शून्याच्या उजवीकडची कळ दाबावी आणि वाय व झेड उलट समजावेत. यंत्रे आल्यापासून सर्वजण तसेच करत होते. ही विचित्र सवय हाच रोगाचा पहिला पुरावा होता, पण काम चालत असल्यामुळे तिच्याविषयी कोणी तक्रार नोंदवली नव्हती.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कळफलक अक्षरे पाठवत नाही. तो कळेचे स्थान पाठवतो. अमेरिकन कळफलकावर जेथे वाय छापलेला असतो, तेथेच जर्मन कळफलकावर झेड असतो, पण दोन्ही कळफलक यूएसबीवरून एकच क्रमांक पाठवतात: 28. कर्नल त्याचे रूपांतर स्वतःच्या क्रमांकात करतो, आणि तो येथे 21 आहे. कर्नलच्या लेखी या कळेचे नावही अमेरिकन छापावरूनच वाय असे आहे, मग तिच्यावर काहीही छापलेले असो. डेस्कटॉपवर मांडणी लावणारी एक्सकेबी ही यंत्रणा कर्नलच्या क्रमांकात ऐतिहासिक कारणाने 8 मिळवते, म्हणजे तीच कळ तेथे 29 होते. गंमत अशी की यूएसबीच्या यादीत 29 हा क्रमांक शेजारच्याच अक्षराचा, म्हणजे झेडचा आहे. त्यामुळे दोन वेगवेगळ्या स्तरांवरील नोंदी शेजारी ठेवून वाचताना वाय आणि झेड यांचीच गल्लत होऊ शकते, आणि या प्रकरणात नेमकी तीच दोन अक्षरे वादात होती.

आपल्यावर कोणती मांडणी छापली आहे हे कळफलकाने संगणकाला सांगण्याची तरतूद यूएसबीच्या मानकात आहे. तेथे देशनिहाय क्रमांक दिले आहेत, जर्मनसाठी 9 आणि अमेरिकनसाठी 33. परंतु बहुतेक कळफलक हा रकाना शून्यच ठेवतात आणि कार्यप्रणालीही त्यावर विसंबत नाही. म्हणून क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम सर्वस्वी सॉफ्टवेअरवर येते, आणि अडचण अशी की हे काम कार्यप्रणालीत एकाच ठिकाणी होत नाही.

यंत्र सुरू होताना सर्वांत आधी ग्रब कळा वाचतो आणि वेगळे काही सांगितले नसेल तर अमेरिकन मांडणीच गृहीत धरतो. त्यानंतर कर्नलसोबत स्मृतीत चढवली जाणारी आरंभीची छोटी फाइलप्रणाली, म्हणजे इनिटरॅमएफएस, काम हाती घेते. डिस्क-पासवर्ड विचारला जातो तो येथे. मुख्य डिस्क अजून बंद असल्यामुळे तिच्यावरील कोणतीही सेटिंग फाइल या टप्प्याला वाचता येत नाही. त्याला लागणारा कळनकाशा, म्हणजे कोणत्या कळेचे कोणते अक्षर याची यादी, इनिटरॅमएफएस बांधतानाच आत भरून ठेवावा लागतो. डिस्क उघडल्यावर मजकुरी कन्सोल, म्हणजे केवळ मजकुराचा पडदा, स्वतःचा कळनकाशा लावतो, लॉगइनचा पडदा स्वतःची मांडणी ठरवतो आणि शेवटी वापरकर्त्याचे ग्नोम सत्र त्याच्या वैयक्तिक यादीतून मांडणी घेते. वेलँड या नव्या पडदा-यंत्रणेवर तर ग्नोमचा संयोजक, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणारा भाग, मांडणीचा नकाशा तयार करून प्रत्येक प्रोग्रामच्या हाती देतो आणि अक्षर ठरवण्याचे अखेरचे काम तो प्रोग्राम करतो.

डेबियनमध्ये यांतील मधल्या टप्प्यांसाठी एक समाईक उगम आहे: ईटीसी निर्देशिकेच्या डिफॉल्ट या उपनिर्देशिकेतील कीबोर्ड नावाची फाइल. तीत कळफलकाचा नमुना, मांडणी, मांडणीचा उपप्रकार आणि इतर पर्याय अशा चार मुख्य नोंदी असतात. कन्सोलचा नकाशा हिच्यावरून तयार होतो, लॉगइनचा पडदा हिच्याच नोंदी पाहतो आणि इनिटरॅमएफएस बांधतानाही हीच फाइल वाचली जाते. मात्र बांधतानाच, नंतर नाही.

निदान

आता घटनांचा क्रम उलगडतो. सर्व यंत्रांवर प्रणाली बसवताना एकच स्वयंचलित उत्तरपत्रिका वापरली गेली होती आणि तीत अमेरिकन मांडणी लिहिलेली होती. इनिटरॅमएफएस त्या वेळी बांधला गेला, म्हणून त्यात अमेरिकन नकाशा गेला. त्यानंतर एका लहानशा स्क्रिप्टने जर्मन यंत्रांवरील कीबोर्ड फाइलमध्ये जर्मन मांडणी लिहिली. फाइल थेट बदलल्यामुळे पुढची कोणतीच क्रिया आपोआप घडली नाही. पुन्हा सुरू केल्यावर लॉगइनचा पडदा आणि कन्सोल जर्मन झाले, डिस्क-पासवर्डाचा टप्पा मात्र अमेरिकनच राहिला. लक्सला कळा दिसत नाहीत, त्याला अक्षरांची बाइट-मालिका दिसते. ती जुळवण्यासाठी जर्मन छाप असलेल्या यंत्रावर अमेरिकन स्थाने शोधावी लागत होती. अमेरिकन कळफलकावर आडवी रेघ शून्याच्या उजवीकडे असते, तर जर्मन कळफलकावर त्या जागी दुहेरी एसचे खास जर्मन अक्षर असते आणि आडवी रेघ खालच्या ओळीत उजवीकडे जाते. झाकणावरच्या चिठ्ठ्यांचा उगम हाच.

मग नवा कर्नल आला. त्याच्यासाठी नवा इनिटरॅमएफएस बांधला गेला, बांधताना कीबोर्ड फाइल वाचली गेली आणि तीत जर्मन मांडणी असल्यामुळे जर्मन नकाशा आत गेला. जुन्या कर्नलचा इनिटरॅमएफएस होता तसाच राहिला, म्हणून तो जुन्या सवयीला प्रतिसाद देत होता. नव्या कर्नलवर पासवर्ड छापाप्रमाणे, सरळ, टंकला असता तर पहिल्याच प्रयत्नात डिस्क उघडली असती. म्हणजे ज्या सकाळी सर्वांनी यंत्रे बिघडली असे म्हटले, त्या सकाळी या यंत्रांचे सारे टप्पे पहिल्यांदाच एकमेकांशी जुळले होते. बदल आणि लक्षण यांच्यामध्ये एवढे अंतर पडले की दोघांचा संबंध कोणाच्या ध्यानात येणे कठीणच होते. कर्नलने काही बिघडवले, हाच तर्क कोणालाही आधी सुचला असता.

तपास पक्का करण्यासाठी दोन्ही इनिटरॅमएफएस उलगडून त्यांतील कळनकाशे एकमेकांशी ताडून पाहिले गेले. फरक अपेक्षेप्रमाणे वाय, झेड आणि विरामचिन्हांच्या कळांत होता. अंक आणि इतर अक्षरे जशीच्या तशी होती.

इतर तक्रारी

मुख्य तक्रारीचे कारण सापडल्यावर जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या गेल्या आणि किरकोळ म्हणून बाजूला ठेवलेल्या अनेक तक्रारी त्याच कुळातील निघाल्या.

ड्वोरॅक वापरणाऱ्या भाषांतरकारांचा पासवर्ड लॉगइनच्या पडद्यावर चालत नसे, पण सत्र कुलूपबंद केल्यावर येणाऱ्या पडद्यावर तोच पासवर्ड लगेच चाले. दोन्ही पडदे दिसायला जवळजवळ सारखे असल्यामुळे हे त्यांना अनाकलनीय वाटत होते. वस्तुतः लॉगइनचा पडदा यंत्राची मांडणी वापरतो, कारण समोर कोण बसले आहे हे त्याला ठाऊक नसते. कुलुपाचा पडदा मात्र त्यांच्याच सत्राचा भाग असल्यामुळे त्यांची ड्वोरॅक वापरतो. अमेरिकन मांडणी आणि ड्वोरॅक यांच्यात ए आणि एम ही दोनच अक्षरे आपल्या जागी राहतात, तेव्हा चुकून जुळण्याचीही शक्यता नव्हती. त्यांनीच एकदा आपल्या सत्रातून डिस्क-पासवर्ड बदलला होता आणि दुसऱ्या दिवशी यंत्र राखीव पासवर्डाने उघडावे लागले होते. त्या वेळी टंकनदोष अशी नोंद करून प्रकरण मिटवण्यात आले.

मराठीत लिहिणाऱ्यांची तक्रार वेगळी होती. मराठी मांडणी चालू असताना सत्र कुलूपबंद झाले की पासवर्डाच्या चौकटीत देवनागरी अक्षरे जात आणि पडद्यावर फक्त ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नसे. कोपऱ्यात मांडणीचे चिन्ह असते, पण घाईत तिकडे कोण पाहतो?

आणखी एकाने कॅप्स लॉकच्या कळेला कंट्रोल करण्यासाठी लॉगइनच्या फाइलमध्ये वेलँडच्या आधीच्या एक्स या पडदा-यंत्रणेची आज्ञा लिहून ठेवली होती. वेलँडच्या सत्रात ती आज्ञा फक्त एक्सवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामांपुरती लागू होई, त्यामुळे कळ एका खिडकीत कंट्रोल तर शेजारच्या खिडकीत कॅप्स लॉक असा प्रकार घडत होता.

सर्वांत चिवट तक्रार मात्र ही होती की जर्मन यंत्रांवर काही जणांना डेस्कटॉपवर जर्मन मांडणी मिळे आणि काहींना अमेरिकन, आणि हे कोणाच्या बाबतीत काय होईल ते सांगता येत नसे. ग्नोम मांडण्यांची यादी डीकॉन्फ या सेटिंग-कोठारात ठेवतो. हे कोठार स्तरांचे असते: वरचा स्तर वापरकर्त्याचा, खालचा यंत्राचा. वरच्या स्तरात नोंद असेल तर ती चालते, नसेल तर खालची. ज्याने कधी यादीला हातच लावला नव्हता त्याला यंत्राप्रमाणे मांडणी मिळायला हवी, असे वाटेल. पण यंत्राच्या स्तरात या कार्यालयाने काहीच लिहिलेले नव्हते, आणि अशा वेळी ग्नोम पहिल्या लॉगइनला यंत्राच्या मांडणीवरून यादी तयार करून ती वापरकर्त्याच्या स्तरात लिहून टाकतो. ज्याने पहिले लॉगइन अमेरिकन यंत्रावर केले त्याची यादी कायमची अमेरिकन झाली आणि होम निर्देशिकेसोबत ती जर्मन यंत्रांवरही पोहोचली. उलट्या बाजूनेही तेच.

त्यात आणखी एक पेच आहे. ही यादी अखंड साठवली जाते. तीत फक्त मराठी वाढवायची असली तरी इंग्रजीसकट सारी यादी वापरकर्त्याच्या स्तरात लिहिली जाते. म्हणजे ज्याने मराठीविषयी निर्णय घेतला, त्याने नकळत इंग्रजीविषयीही निर्णय घेतलेला असतो आणि यंत्राचे म्हणणे त्याच्यापुरते बंद होते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे, कारण येथे ना कोणाची चूक आहे, ना प्रोग्रामात दोष आहे; दोन वेगळ्या मालकांच्या गोष्टी एकाच नोंदीत बांधल्या गेल्या आहेत, एवढेच.

निर्णय

तांत्रिक विभागाचा पहिला प्रस्ताव होता की सर्व यंत्रांवर, सर्व टप्प्यांवर, एकच अमेरिकन मांडणी सक्तीने लावावी आणि डीकॉन्फमध्ये ती नोंद कुलूपबंद करावी. तसे करता येते, आणि कागदावर ते सुसंगतही दिसते. परंतु जर्मन छापाच्या यंत्रावर कळांकडे पाहून टंकणाऱ्याला त्याचा रोज त्रास झाला असता, ड्वोरॅकवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला आपली सवय सोडावी लागली असती आणि मराठीचा प्रश्न तसाच राहिला असता. सगळीकडे एकच मूल्य असणे आणि कोठे कोणते मूल्य असेल हे आधी सांगता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कार्यालयाला दुसरीची गरज होती.

म्हणून मालकी ठरवण्यात आली. समोर कोण बसले आहे हे कळेपर्यंत मांडणी यंत्राची, म्हणजे कळांवर जे छापले आहे ती. ते कळल्यानंतर मांडणी माणसाची, पण ज्याने स्वतः काही निवडलेले नाही त्याच्यासाठी पुन्हा यंत्राचीच.

यंत्राच्या बाजूने कीबोर्ड फाइल हा एकमेव उगम मानला गेला आणि तीत फक्त छापील मांडणी ठेवली गेली. मराठी तेथे मुद्दाम घेतली नाही. मजकुरी कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त 512 चिन्हे मावतात आणि मात्रा व जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय तेथे नाही. शिवाय पासवर्डाच्या टप्प्यावर देवनागरी मांडणी हाती येणे म्हणजे संकटाला आमंत्रण. फाइल हाताने किंवा स्क्रिप्टने परस्पर बदलण्यास मनाई करून बदलाची एकच आज्ञा तयार करण्यात आली. ती फाइलमध्ये मांडणी लिहिते, सेटअपकॉन चालवून कन्सोलला ती लावते, युडेव्ह या उपकरणे सांभाळणाऱ्या प्रोग्रामला कळफलकांची पुन्हा दखल घ्यायला लावते आणि इनिटरॅमएफएस नव्याने बांधते.

या शेवटच्या पायरीवर बरीच चर्चा झाली. सर्व कर्नलांचे इनिटरॅमएफएस एकदम बांधले तर सगळे टप्पे तत्काळ जुळतात, पण काही चुकले तर परतीची वाट उरत नाही. जुन्या कर्नलचा न बदललेला इनिटरॅमएफएस नसता तर याच प्रकरणात निदान अधिक लांबले असते. शेवटी असे ठरले की आधी फक्त नव्या कर्नलचा बांधावा, यंत्र पुन्हा सुरू करून डिस्क छापाप्रमाणे टंकून उघडते याची खात्री करावी आणि मगच बाकीचे बांधावेत. थोडा जास्त वेळ जातो, पण माझ्या दृष्टीने हा खर्च योग्य आहे.

ग्रबच्या बाबतीत काहीच करावे लागले नाही, कारण येथे डिस्कचा बूट विभाग, म्हणजे जेथे कर्नल ठेवलेला असतो तो भाग, कूटबद्ध नाही आणि ग्रब पासवर्ड विचारत नाही. तो विभागही कूटबद्ध असता तर पहिला पासवर्ड ग्रबने विचारला असता, अमेरिकन मांडणीत, आणि जर्मन यंत्रांवर एक कायमचा अपवाद शिल्लक राहिला असता.

डिस्क-पासवर्डांची रचनाही बदलली. नवे पासवर्ड केवळ अंक आणि वाय व झेड सोडून उरलेल्या लहान अक्षरांचे असतात आणि शब्दांमध्ये रेघेऐवजी रिकामी जागा असते. ही सर्व चिन्हे अमेरिकन आणि जर्मन मांडणीत एकाच जागी आहेत, त्यामुळे मांडणी चुकली तरी डिस्क उघडते. ज्या घराण्यात अंकांसाठी शिफ्ट दाबावी लागते त्या फ्रेंच मांडणीला हा उपाय पुरला नसता आणि ड्वोरॅकला तर नाहीच. ड्वोरॅकवाल्या भाषांतरकारांना म्हणून एक ठरावीक यंत्र देण्यात आले. त्याच्या कीबोर्ड फाइलमध्ये पहिली मांडणी अमेरिकन आणि दुसरी ड्वोरॅक ठेवली, ज्यामुळे लॉगइनच्या पडद्यावर मांडणी बदलण्याची यादी दिसू लागली. डिस्कसाठी लक्सच्या रिकाम्या खणाचा उपयोग झाला. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे 8 आणि दुसरीत 32 पर्यंत खण असतात व कोणत्याही एका खणातील पासवर्ड डिस्क उघडतो. त्यांच्या बोटांना ड्वोरॅकमध्ये सवयीचा असलेला पासवर्ड, त्याच कळा अमेरिकन मांडणीत दाबल्यावर जी अक्षरे उमटतात त्या रूपात, एका वेगळ्या खणात नोंदवला गेला. आता सुरुवातीच्या टप्प्यावर मांडणी अमेरिकन असूनही त्यांची बोटे नेहमीच्याच कळांवर पडतात.

माणसाच्या बाजूने डीकॉन्फच्या यंत्र-स्तरात प्रत्येक यंत्रासाठी यादी लिहिली गेली: आधी छापील मांडणी, मग मराठी, मग इंग्रजी किंवा जर्मन यांपैकी उरलेली. यादी मुद्दाम भरपूर ठेवली, जेणेकरून कोणाला ती वाढवण्याची वेळ येऊ नये; वाढवली की ती गोठते, हे वर आलेच आहे. त्यानंतर सर्वांना आधी कळवून वापरकर्त्याच्या स्तरातील जुन्या याद्या पुसण्यात आल्या. ज्यांना खरोखर वेगळे काही हवे होते त्यांनी ते पुन्हा निवडले. नोंद कुलूपबंद केली नाही. पुसण्याआधी कळवणे ही औपचारिकता वाटेल, पण ज्यांच्या याद्यांमध्ये आयबस या वेगळ्या यंत्रणेतून येणारी मराठी होती त्यांच्यासाठी ते गरजेचे होते.

आयबसचा उल्लेख येथे करावा लागतो. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण मांडणीत शिफ्टसह 5, 6, 7 आणि 8 या कळांवर ज्ञ, त्र, क्ष आणि श्र ही जोडाक्षरे आहेत. प्रत्येक जोडाक्षर म्हणजे युनिकोडमधील अनेक चिन्हांची मालिका, आणि एका दाबातून अशी मालिका देण्याची सोय एक्सच्या जुन्या यंत्रणेत नाही. आयबस ते करू शकतो, तसेच उच्चारानुसारी टंकनही देतो. म्हणून काही जण साध्या एक्सकेबी मांडणीऐवजी आयबस वापरत होते. यादीतील आयबसची नोंद त्या यंत्रावर संबंधित पॅकेज असेल तरच काम करते. ते पॅकेज काही यंत्रांवर नसल्यामुळे मराठी कधी मिळे आणि कधी नाही. पॅकेज सर्व यंत्रांवर बसवले आणि मराठीचे दोन्ही प्रकार सामाईक यादीत घेतले, एवढ्याने ती तक्रार संपली.

कॅप्स लॉकच्या कळेबाबत कर्नलच्या स्तरावरचा उपाय सुचवला गेला होता. युडेव्हच्या हार्डवेअर-कोठारात एखाद्या कळफलकाच्या कळेचा अर्थ बदलून ठेवता येतो आणि तो कन्सोल, एक्स व वेलँड या सर्वांना सारखाच लागू होतो. सुसंगतीच्या दृष्टीने याहून चांगली जागा नाही. पण जेथे यंत्रे सामाईक आहेत तेथे एकाची आवड सर्वांच्या बोटांवर लादली गेली असती. तो मार्ग दोषयुक्त कळांसाठी राखून ठेवला आणि त्या वापरकर्त्याला ग्नोमच्याच एक्सकेबी पर्यायांत ती निवड करून दिली. ती यादीपासून स्वतंत्र नोंद असल्यामुळे यंत्राची मांडणी गोठत नाही.

उरलेले प्रश्न

काही जण जर्मन लॅपटॉपला अमेरिकन छापाचा बाहेरचा कळफलक जोडतात. ग्नोम सर्व कळफलकांना मिळून एकच मांडणी लावतो, प्रत्येक उपकरणाला वेगळी नाही. स्वे यासारख्या काही संयोजकांत उपकरणनिहाय मांडणी लिहिता येते, पण त्यासाठी संपूर्ण डेस्कटॉप बदलणे कोणालाच मान्य नव्हते. येथे मांडणी हाताने बदलणे एवढाच उपाय सध्या आहे, आणि डिस्क-पासवर्डाच्या नव्या रचनेमुळे निदान सुरुवातीचा टप्पा तरी या भानगडीतून सुटला आहे.

दूरस्थ कामाचा प्रश्नही अर्धवट सुटलेला आहे. एसएसएच या दूरस्थ मजकुरी जोडणीवरून अक्षरेच जातात, त्यामुळे पलीकडच्या यंत्राची मांडणी काय आहे याने फरक पडत नाही. रिमोट डेस्कटॉपच्या आरडीपी पद्धतीत आणि आभासी यंत्रांच्या कन्सोलमध्ये मात्र सहसा कळांचे क्रमांक पलीकडे जातात आणि त्यांचे अक्षर तेथील मांडणी ठरवते. कार्यालयातील काही विंडोज सर्व्हरवर असेच लॉगइन करावे लागते. तेथेही लॉगइन पडद्याची मांडणी आणि वापरकर्त्याची मांडणी रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंग-कोठाराच्या वेगवेगळ्या शाखांत असतात, आणि वापरकर्त्याची सेटिंग्ज स्वागत-पडद्याला देण्यासाठी ती प्रशासकाला स्वतंत्रपणे उतरवावी लागतात. हे काम संबंधित सर्व्हरच्या प्रशासकांकडे सोपवण्यात आले असून ते अजून पूर्ण झालेले नाही.

झाकणांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्या आहेत. तांत्रिक विभागाच्या तपासयादीत आता पुढील कर्नल अद्ययावतीकरणाआधी प्रत्येक प्रकारच्या एका यंत्रावर नवा इनिटरॅमएफएस बांधून, त्यातील कळनकाशा कीबोर्ड फाइलशी ताडून आणि यंत्र प्रत्यक्ष सुरू करून पाहण्याची नोंद आहे. मांडणी जुळली नाही तर अद्ययावतीकरण त्या प्रकारच्या यंत्रांसाठी रोखून धरायचे, असे ठरले आहे.